घासून काढलेली अक्षरं

३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

यांचा उजवा डोळा वाचणार नाही, हे डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितलं. तुम्ही इस्पितळातून परत गेलात तेव्हा थोडी तरी आशा होती, आता तीही नाही. ते ऐकून मी रडले नाही. आज मात्र रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

सकाळी जंगलखात्याच्या कचेरीतून शिपाई आला. मला वाटलं, तब्येतीची चौकशी करायला आला असेल. मी बसायला खुर्ची दिली, पाण्याचा पेला पुढे केला. त्याने पाणी पिऊन तोंड पुसलं आणि खिशातून लिफाफा काढला. आत नोटीस. तिचा मजकूर असा, की वार्षिक चांदमारीच्या वेळी नळीत सफाईची चिंधी राहिल्यामुळे रायफल फुटली; या हयगयीबद्दल आणि सरकारी मालमत्तेच्या नुकसानीबद्दल आपणास सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा द्यावा.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच ना? माणसाचा डोळा गेला आणि त्या कचेरीवाल्यांना बंदुकीचं पडलंय!

मी नोटीस यांना वाचून दाखवली. हे पट्टी बांधलेलं तोंड भिंतीकडे करून पडले होते. म्हणाले, "चिंधी? चिंधी मी ओढून काढली आणि खिशात घातली. नळी उजेडाकडे धरून आरपार बघितली. माझी पँट कुठाय?" इस्पितळातून आणलेली पिशवी मी अजून उघडलीच नव्हती. त्यात कापलेली पँट होती, रक्ताने कडक झालेली, आणि खिशात तेलकट चिंधी. मी ती हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. पण ही दाखवून कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, घरात दुसरी मळवून आणली.

तुम्ही त्या वेळी इतक्या घाईत आलात-गेलात की नीट बोलणं झालं नाही, म्हणून सगळं सांगते. खात्याने गेल्या वर्षी वनरक्षकांना "नव्या" रायफली दिल्या. नव्या म्हणजे लष्कराच्या जुन्या, कुणा पुरवठादाराने दुरुस्त करून विकलेल्या. त्यांच्यावरचा हा पहिलाच नेमबाजीचा सराव. हे पालथे झोपले, पहिलीच गोळी झाडली, आणि बंदुकीचा मागचा भाग यांच्या तोंडावर फुटला. दुसरी गोळी कुणी झाडलीच नाही.

घरात आम्ही सगळे तुम्हाला "बंदूकवाली" म्हणून चिडवतो. सरकारी प्रयोगशाळेत रोज बंदुका तपासता, कोर्टात साक्षी देता. आता आमच्यासाठी बोला. मी काय बघू, कुणाला विचारू, ते कळवा.

तुमची वहिनी


८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. दादाने लहानपणी मला सायकल शिकवली ती मागे धावत, आणि आता त्याला जिना उतरताना कुणीतरी धरायला लागेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

पण तू मला परीक्षक म्हणून विचारलंस, तर मी परीक्षक म्हणूनच बोलते. रागावू नकोस. दादा घाईचा माणूस आहे, घरातून निघताना दोन वेगवेगळे मोजे घालणारा. चिंधी काढली असं त्याला वाटतंय, की खरंच काढली? खिशातली चिंधी आदल्या सफाईचीही असू शकते. हे मी विचारलं नाही तर समोरचा वकील विचारेल.

याचं उत्तर बंदूकच देईल. नळीत काही अडकलं असेल, तर नळी त्या जागी फुगते, कधी केळ्यासारखी सोललीही जाते. म्हणून पहिला प्रश्न हा, की नळी कशी आहे? पुढे फुगलीय, की ती सरळ आहे आणि मागचा भाग फुटलाय?

दुसरं, खुणा. लष्कराची जुनी रायफल म्हणजे चालतीबोलती जन्मपत्रिका असते. तिच्या अंगावर क्रमांक ठोकलेला असतो. तोच क्रमांक बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याच्या, मुठीच्या मागे असायला हवा, कारण प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीला मापाने जुळवलेला असतो. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट बसवला तर काडतुसाच्या मागे फट राहू शकते. मग गोळी झाडताच पितळी काडतूस मागे फाटतं आणि जाळ, तुकडे सगळं झाडणाऱ्याच्या तोंडावर येतं.

आणखी एक खूण असते, तिची मला खरी भीती वाटते. रायफल झिजली, गोळी झाडायला धोक्याची झाली, की लष्कर ती शिकाऊ मुलांना खांद्यावर घेऊन चालायला देतं. तिच्यावर 'डी' आणि 'पी' अशी दोन अक्षरं ठोकतात. अर्थ एवढाच, की ही फक्त कवायतीची, हिच्यात काडतूस घालू नका. अंगाच्या डाव्या बाजूला, बोल्टवर आणि लाकडाखाली झाकलेल्या नळीवरही ही अक्षरं असतात.

फुटलेली रायफल तर सीलबंद असेल. पण त्याच खेपेतल्या बाकीच्या आहेत ना? तू चित्रकला शिकवतेस, मुलांकडून नाण्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतेस, तसंच कर. वरचं लाकूड दोन स्क्रू काढले की सुटतं. रायफल रिकामी आहे ना, हे आधी बघ. नंतरही बघ.

तुझी नणंद


१६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

मोज्यांचं मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मोजे डोळ्यांत जात नाहीत, म्हणावं." आणि तोंड पुन्हा भिंतीकडे केलं. तुमच्या प्रश्नाने त्यांना लागलं, वन्सं. मलाही लागलं. पण तो विचारायलाच हवा होता, हे मला दुसऱ्या दिवशी पटलं.

उत्तर घ्या. नळी सुईसारखी सरळ आहे. फुटलेली रायफल यांच्या अंगावरून ज्याने उचलली तो यांचा जोडीदार, पहिलवान. नाव पहिलवान, अंगाने काडी. जंगलात फेरीला हे दोघं बरोबर असतात. तो म्हणतो, "वहिनी, नळीला काही झालेलंच नाही. मागचं तोंड फाटलंय."

काल तो स्वतःची रायफल गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. दार लावलं, खिडकी लावली, तरी त्याच्या कपाळावर घाम. "खात्याची वस्तू घरात आणली म्हणून माझीही नोटीस निघेल," म्हणाला. मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि म्हटलं, "निघू दे, दोन नोटिसा शेजारी शेजारी लावू." रायफल रिकामी आहे हे तिघांनी बघितलं. यांनी तर बोट घालून चाचपलं.

सोबत कागद पाठवते आहे, घडी पडू देऊ नका. पहिल्या कागदावर अंगावरचा क्रमांक, दुसऱ्यावर बोल्टचा. दोन्हींत एकही आकडा सारखा नाही! बोल्टवर जिथे ती दोन अक्षरं असावीत, तिथे तर नुसता सपाट गुळगुळीत डाग. तिसरा कागद डाव्या बाजूचा. मी पेन्सिल घासत गेले तर अक्षरं नाहीत, पण आडव्या बारीक रेघाच रेघा उमटल्या. कानशीच्या रेघा आहेत त्या. वरून काळा रंग दिलाय म्हणून नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. मुलं वहीत चुकीचं उत्तर खोडतात ना, तेव्हा कागदाचं पोट घासून पातळ होतं, हुबेहूब तसं.

मग मी स्क्रू काढले. लाकूड हटेना, पहिलवानाने हलक्या हाताने ओढलं. नळीवर गंज होता आणि त्या गंजात अगदी ठसठशीत दोन अक्षरं. तीच. घासणाऱ्याने जेवढं दिसतं तेवढंच घासलं. लाकूड उचलायचा आळस केला.

पहिलवान खाली बसला. म्हणाला, "वर्षभर ही उशाला घेऊन झोपतोय मी." हे पलंगावरून विचारत होते, "काय आहे? काय लिहिलंय?" मी रायफल पलंगाशी नेली आणि यांचं बोट धरून त्या अक्षरांवर फिरवलं. यांनी दोनदा फिरवलं आणि हात काढून घेतला.

आता तर उघड आहे ना सगळं? तुम्ही एक कागद लिहून दिलात की यांची नोटीस फाडून फेकता येईल. वाट बघते.

तुमची वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र पोचलं. यापुढे माझ्या कामाच्या पत्त्यावर काही पाठवू नकोस. या प्रकरणाबद्दल मला काही लिहिता येणार नाही, लेखी मत तर मुळीच देता येणार नाही. कृपा करून विचारू नकोस.

दादाच्या दुसऱ्या डोळ्याची काळजी घे. त्याला वाचायला देऊ नकोस.

नणंद


१९ मार्च

वन्सं,

तुमच्या घरच्या पत्त्यावर लिहिते आहे, म्हणजे तुमच्या खुर्चीला धक्का लागायला नको.

कालच खात्यातून दुसरा लिफाफा आला. सोबत तुमच्याच प्रयोगशाळेचा अहवाल जोडलाय, खाली तुमच्या प्रमुखांची सही. "नळीत अडथळा असल्याने दुर्घटना. रायफलीत मूळ दोष आढळला नाही." नळीत अडथळा! ज्या नळीला पोचा नाही, फुगवटा नाही, तिच्यात! तुम्हीच मला शिकवलंत की अडथळा असला तर नळी फुगते. मग तुमच्या प्रमुखांना हे कुणी शिकवलं नाही का? आणि ती बंदूक तुमच्या इमारतीत, तुमच्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर असताना तुम्ही काय करत होतात? मूग गिळून बसल्या होतात?

चार ओळींचं पत्र! आजारी माणसाच्या घरी दूधवालासुद्धा याहून जास्त बोलतो. मी महिनाभर टपालाची वाट बघितली. दारावर कुणी वाजवलं की हे म्हणायचे, "चिमीचं पत्र असेल." तुम्हाला अजून चिमी म्हणतात ते. काल अहवाल वाचल्यावर मी तुम्हाला नको नको ते बोलले, तर हे माझ्यावरच ओरडले, "तिला काही म्हणायचं नाही!" लग्नानंतर पहिल्यांदा ओरडले, वन्सं, तेही तुमच्यासाठी.

सख्खी बहीण कानांवर हात ठेवते आणि तो काडीपहिलवान, ज्याचा आमच्याशी रक्ताचा काही संबंध नाही, तो नोकरी पणाला लावून बंदूक घरी आणतो. मला कळत नाही की नातं कशाला म्हणायचं.

आणि ऐका, कारण ही बातमी तुमच्या खुर्चीपेक्षा मोठी आहे. राहिलेली चांदमारी पुन्हा ठरलीय, २ एप्रिलला. त्याच रायफलींनी. अहवालात "दोष नाही" आहे ना! मग झाडा गोळ्या! पुढच्या कुणाचा डोळा जातो ते बघू, त्यालाही नोटीस तयार ठेवतील.

मी जाणार आहे मैदानावर. तुमच्याकडून आता काहीही नको.

वहिनी


२३ मार्च

वहिनी,

तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. आता माझंही ऐक, आणि मीही काही कमी संतापलेली नाही, हे लक्षात ठेव.

तुझे पेन्सिलीचे कागद आले त्याच दिवशी ती रायफल आमच्याकडे तपासणीला आली. फुटलेल्या बाजूला वाळलेलं रक्त होतं. माझ्या भावाचं. मी ताबडतोब प्रमुखांना लेखी कळवलं की जखमी माणूस माझा भाऊ आहे, मी या बंदुकीला हात लावणार नाही, दुसऱ्या कुणाकडे द्या, पण लाकूड काढून आणि घासलेल्या जागेवर आम्ल लावून तपासणी व्हावी. अक्षर ठोकताना खालचं पोलादसुद्धा दाबलं जातं. वरून कितीही घासा, आम्ल लावलं की दाबलेलं पोलाद वेगळं दिसतं आणि अक्षर परत वर येतं. आमच्याकडे हे रोजचं काम आहे. चोरीच्या मोटारींवर करतो आम्ही.

प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "भावाची बाजू घेऊन तुम्ही मला काम शिकवताय?" मी म्हटलं, "भावाची नाही, बंदुकीची बाजू घेतेय. लाकूड उचलून बघा." ते म्हणाले, "गरज नाही." आणि लाकूड न उचलता सही केली. का केली ते सांगते. गेल्या वर्षी या रायफली खात्याने घ्यायच्या आधी नमुना आमच्याकडेच आला होता. त्याला "गोळीबारास योग्य" म्हणून शिक्का या प्रमुखांनीच दिला होता. आता अक्षरं वर आली तर यांचा शिक्का खोटा ठरतो. म्हणजे स्वतःची सही वाचवायला दादाचा डोळा दादाच्याच माथी मारायचा!

मी वाद घातला, आवाज चढला, बाहेर सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या दिवशी माझी बदली सामानाच्या कोठारात झाली, आणि त्याच आठवड्यात "चौकशी होईपर्यंत घरी बसा" असा हुकूम. कारण काय, तर मी जखमीच्या घरच्यांशी संगनमत करतेय. माझ्या नावाने येणारं टपाल उघडत होते, वहिनी. तुझं आणखी एक पत्र त्यांच्या हातात पडलं असतं, तर ते कागद बनावट आहेत आणि ते मीच तुझ्याकडून करवून घेतले, असं म्हणाले असते. म्हणून चार ओळी. मुद्दाम कोरड्या. त्यांनी वाचाव्यात म्हणून.

तुला कळवलं नाही, कारण दादाला कळलं असतं. डोळा गेलेल्या माणसाला आपल्यापायी बहिणीची नोकरीही गेली हे ओझं कशाला? माझं चुकलं असेल. पण तू मला पाण्यात बघायला लागलीस, हे मात्र झोंबलं. अगं, कोठारात होते तेवढे दिवस मी त्या रायफलीच्या सीलबंद खोक्याकडे बघत होते.

आता कामाचं. माझ्या सहीची तुला गरजच नाही. एक बंदूक खोटी पाडता येईल, अख्खी खेप कशी खोटी पाडतील? मैदानावर सगळ्यांसमोर लाकूड उचलायला लाव. एक नाही, सगळ्यांचं. आणि काहीही होवो, एकही गोळी झाडू देऊ नकोस. हे दादाच्या नोकरीपेक्षा महत्त्वाचं आहे, हे दादालाही पटेल.

तुझी नणंद


४ एप्रिल

वन्सं,

माझी जीभ झडली नाही हे नशीब. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही, म्हणून परवाचं सगळं जसं घडलं तसं लिहिते, तेच माफीच्या जागी घ्या.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. बदलीचं, घरी बसवल्याचं, सगळं. हे उठले आणि दाढी करायला बसले. एका डोळ्याने अंतर कळत नाही, गालाऐवजी हवेत वस्तरा जातो. मी करून देते म्हटलं तर नको म्हणाले. दोन ठिकाणी कापून घेतलं आणि म्हणाले, "चल."

मैदान म्हणजे टेकडी पोखरून केलेली मोकळी जागा. समोर मातीचा बांध, त्यावर लाकडी चौकटींत कागदी निशाणं. वनरक्षक रांगेत उभे, आणि ताडपत्रीवर रायफली मांडलेल्या. जमीन खडबडीत होती, यांनी माझा दंड धरला होता. आम्हाला बघून खात्याचे मोठे साहेब, नोटिशीवर ज्यांची सही होती तेच, पुढे आले.

"तुम्हाला इथं कुणी बोलावलं?"

"कुणीच नाही," हे म्हणाले. "म्हणूनच यावं लागलं."

"तुमची चौकशी चालू आहे. तुम्हाला मैदानात यायची परवानगी नाही."

"माझी चौकशी चालू नाही," मी म्हटलं, "मी बोलते." आणि मी पेन्सिलीचे कागद पुढे केले. तुमच्याकडे पाठवल्यावर पुन्हा काढलेले, पहिलवानाने आणून दिलेल्या चार रायफलींचे. त्यांनी एक कागद बघितला, न बघितल्यासारखा, आणि परत दिला. "बाई, हे शाळेत दाखवा. माझ्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल आहे. रायफली ठीक आहेत."

रांगेतून आवाज आला, "मग पहिली गोळी साहेबांनी झाडावी."

पहिलवान होता तो. आवाज चिरकला होता, पण बोलला. मोठ्या साहेबांचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता याला झापतील. पण नाही. म्हणाले, "आण इकडे."

वन्सं, माणूस भित्रा नव्हता, हे मला मान्य करावं लागेल. त्यांचा अहवालावर खरंच विश्वास होता. त्यांनी पहिलवानाचीच रायफल उचलली, चटईवर पालथे झोपले, काडतूस घातलं, बोल्ट लावला, दस्ता खांद्याला लावून गाल टेकवला. आणि मी मनात म्हटलं, झाड. झाड एकदाची! कळू दे. देवाशपथ म्हटलं, लपवत नाही.

माझ्या दंडावरचा हात सुटला. हे पुढे गेले, ठेचकाळले, जवळजवळ पडलेच साहेबांच्या अंगावर. गुडघ्यावर बसून बोल्टच्या मुठीवर हात ठेवला आणि ओढला. काडतूस उडून मातीत पडलं.

"नको साहेब," हे म्हणाले. "डोळा गेला की घरातल्या पायऱ्यासुद्धा ओळख देत नाहीत."

साहेब तसेच पडून राहिले. मान वर करून त्यांनी यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. इस्पितळानंतर पहिल्यांदा बघत होते. पट्टी, भाजलेला गाल, दाढी करताना कापलेलं. मग उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर कुणाकडे आहे?"

माझ्याकडे होता.

त्यांनी स्वतः लाकूड काढलं. अक्षरं बघितली. दुसरी रायफल उचलली, तिचंही काढलं. तिसरीचं काढताना हात घाईला आले होते. मग थांबले आणि काडतुसांच्या पेटीवर बसले. "सगळ्या?" त्यांनी विचारलं. रांगेतला एकेक जण पुढे येऊन आपापल्या रायफलीचं लाकूड काढायला लागला. काहींवर अक्षरं होती, काहींवर तिथेही घासलं होतं. चांदमारी रद्द झाली.

परत येताना रस्त्यात मी यांच्याशी भांडले. म्हटलं, "ज्याने तुम्हाला काढायची नोटीस धाडली, त्याला वाचवायला धावलात? मला न विचारता?" हे म्हणाले, "त्याच्या बायकोने काय केलंय?"

मी यांचा हात पुन्हा माझ्या दंडावर ठेवला. पण राग आहेच.

तुमची (अजून असेन तर) वहिनी


११ एप्रिल

प्रिय वहिनी,

तूच माझी वहिनी, दुसरी कुठून आणू?

पत्र वाचताना हसले आणि रडले, शेजारीण बघायला आली. तुझं ते "झाड" मला समजलं. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं, आणि कायद्याची माणूस म्हणून नंतर कबूलही केलं नसतं.

तुमच्या मोठ्या साहेबांनी वर लिहिलंय. फुटलेली रायफल दुसऱ्या प्रयोगशाळेत चालली आहे. माझा जबाब झाला. जबाब घेणाऱ्याने विचारलं, "हे तुम्ही आधी का सांगितलं नाही?" मी म्हटलं, "लेखी सांगितलं होतं, ते वाचायला कुणी चष्मा लावला नाही." माझे प्रमुख रजेवर गेलेत. इतक्या वर्षांत त्यांनी कधी रजा घेतली नव्हती.

फार आशा धरू नकोस. मी या इमारतींमध्ये आयुष्य काढलंय. इथे खरं वर येतं, पण जबाबदार माणूस वर येत नाही.

दादाला वस्तरा देऊ नकोस.

तुझी नणंद


३० जुलै

प्रिय चिमीस,

आज मीच लिहितो. ओळी वर-खाली जातील, वाचून घे. तुझ्या वहिनीला लिहायला सांगितलं असतं, पण ती इतकी भडकली आहे की कागद फाटेल.

तू परत कामावर, आपल्याच टेबलावर बसलीस, हे वाचून मी आनंदाने पहिलवानाच्या पाठीत धपाटा घातला. अंतर चुकलं, कानफटात बसला. त्याने मनावर घेतलं नाही.

आमच्याकडची बातमी अशी. दुसऱ्या प्रयोगशाळेत आम्ल लावल्यावर फुटलेल्या रायफलीवर अक्षरं वर आली, अंगावरही आणि बोल्टवरही. माझी नोटीस मागे घेतली. कारण काय लिहिलंय? "प्रशासकीय कारणास्तव." एवढंच. माझी चूक नव्हती असं कुठेही नाही, त्यांची होती असं तर नाहीच. तुझी वहिनी दोन दिवस तो शब्द भांड्यांबरोबर आपटत होती. "प्रशासकीय कारणास्तव भात करपला," असं मला ऐकवलं. पुरवठादाराच्या पत्त्यावर कुलूप आहे. तुझे प्रमुख मुदतीआधी निवृत्त झाले, आणि निरोपाला त्यांच्या गळ्यात हार पडला हे तू लिहिलंस ते मी तिला वाचू दिलेलं नाही. तूही बोलू नकोस, घरात भांडी थोडीच उरलीत.

मला कचेरीत टेबलावर बसवलंय. जंगलाची आठवण येते. दुसरं काही म्हणत नाही.

पण एक गोष्ट झाली, ती तुला सांगायलाच हवी. वनरक्षकांना दुसऱ्या रायफली मिळाल्या आणि या जुन्या कुठल्याशा शाळेला कवायतीसाठी द्यायच्या ठरल्या. कागद माझ्याच टेबलावर आला. मी मोठ्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, "अशा देऊ नका. वरची अक्षरं घासलेली आहेत. आज शाळेत जातील, दहा वर्षांनी कुणी लिलावात घेईल, रंग देईल आणि पुन्हा कुणाच्या तरी हातात काडतुसासकट देईल." ते म्हणाले, "मग काय करायचं?" मी म्हटलं, "अक्षरं परत ठोकायची. दिसतील अशी." त्यांनी नाही म्हटलं नाही. हल्ली ते मला कशालाच नाही म्हणत नाहीत, ते मला आवडत नाही, पण या वेळी चाललं.

खात्याच्या मोटारी दुरुस्त होतात त्या शेडमध्ये, शिकंज्याच्या, म्हणजे लोखंडी पकड बसवलेल्या, टेबलावर रायफल आवळली. पोलादी ठसे मागवले होते. पहिलवान फुरसतीने ठोकणार होता. मी म्हटलं, मला दे. त्याने ठसा धरला आणि मी हातोडा मारला, तो लाकडावर बसला. दुसरा मारला, तो शिकंज्यावर. पहिलवानाने हात मागे घेतला. त्याचं चुकलं नाही, मीही घेतला असता.

तुझी वहिनी शाळा सुटल्यावर मला न्यायला आली होती, दारात उभी होती. ती आत आली. पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, पहिलवानाला बाजूला केलं आणि ठसा स्वतः धरला. डाव्या बाजूला, जिथे कानशीच्या रेघा होत्या तिथेच. मी म्हटलं, "अगं, माझा नेम राहिलेला नाही. तुझी बोटं जातील." ती म्हणाली, "तुम्ही रागावलात का?" मी म्हटलं, "कुणावर?" "ज्यांनी हे घासलं त्यांच्यावर. आजवर मीच रागावतेय. तुम्ही एकदाही रागावला नाहीत."

चिमे, मला तेव्हा कळलं की माझ्या छातीत काय भरलंय. इस्पितळापासून भरलेलं होतं. मी हातोडा टेबलावर टेकवला. म्हटलं, "रागावलोय. फार रागावलोय." आणि मला रडू आलं, गेलेल्या डोळ्यातूनसुद्धा पाणी येतं हे मला माहीत नव्हतं.

तिने ठसा सोडला नाही. बोटं तशीच, घट्ट. माझ्याकडे बघून म्हणाली, "मग मारा."

तुझा दादा